खाचरातलं खाचरात

नांद्यात साळूबाईच्या खोल्यांत राहून गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तो म्हणेल, मावशी म्हणजे गरीब गाय. त्याचं काही चूक नाही. भाताची खाचरं जाऊन तिथं इमारती उभ्या राहिल्या, उरलेल्या तुकड्यात नवऱ्यानं, म्हणजे वाल्मीकरावांनी, हिंजवडीला कामाला जाणाऱ्या पोरांसाठी खोल्या बांधल्या, आणि बाई शेतकरणीची घरमालकीण झाली. पण मालकिणीचा तोरा तिला काही जमला नाही. कुणी नळ उघडा टाकून ड्युटीवर गेलं की ती मुकाट्यानं जाऊन बंद करायची. कुणी तुळशीला गाडी टेकवून लावली की आपणच वळसा घालून पाणी घालायची. वाल्मीकराव पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या मंडळीला तोंड हाय, हे मला लग्नानंतर लई दिसांनी कळलं. तेबी दुसऱ्या बाईकडनं."

ही दुसरी बाई म्हणजे बायजा, साळूबाईची शेजारीण आणि भाताच्या आवणीतली जोडीदारीण. ती म्हणायची, "साळू घरात गाय, पर खाचरात वाघीण हाय. तुमी ऐकलं न्हाई म्हणून सुखात हाय."

वाल्मीकरावांनी ऐकलं नव्हतं, कारण ऐकायची सोयच नव्हती. आवणी करणाऱ्या या बायकांचा एक कायदा होता. तो कुणी लिहिला नव्हता आणि कुणा बाईनं मोडलाही नव्हता. गुडघाभर चिखलात वाकून, मागं मागं सरत भाताचं रोप लावायचं, लावता लावता गाणं म्हणायचं, आणि त्या गाण्यात मनात असेल ते घालायचं. सासूला घाला, नवऱ्याला घाला, ज्याच्या खाचरात उभ्या आहात त्या मालकाला घाला. सासू शेजारी वाकलेली असली तरी खुशाल घाला, कारण तीही तिच्या पाळीला सुनेचं माप काढणारच असते. खाचर लावून झालं की सगळ्याजणींनी पाटाच्या पाण्यात पाय धुवायचे, आणि पायावरच्या चिखलाबरोबर बोललेलं सगळं सोडून द्यायचं. मग बांधावर भाकरी सोडल्यावर तीच सासू त्याच सुनेच्या भाकरीवर ठेचा वाढायची. खाचरातलं खाचरात.

एकदा एका मालकानं झाडाआड उभं राहून गाणं ऐकलं आणि पारावर जाऊन कुणाची सून काय म्हणाली ते रंगवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खाचरात एकही बाई उतरली नाही. रोप वाफ्यात पिवळं पडलं, आणि मिशीला पीळ भरणारा तो गडी घरोघर हात जोडत फिरला. त्यानंतर कुणाची छाती झाली नाही.

साळूबाईला हा कायदा आईनं शिकवला. माहेरचं रान भुकूमच्या पुढं, पौड रस्ता सोडून आत गेल्यावर डोंगराच्या पायथ्याशी होतं. कौलारू घर, गोठा, दगडी विहीर, फणसाखाली सारवलेलं खळं, आणि विहिरीपासून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरलेली खाचरं. आई लवकर गेली. धाकटा भाऊ एकनाथ तेव्हा कडेवरचा. साळूबाई स्वतः परकरी पोर, पण तिनं त्याला असा सांभाळला की तो पुष्कळ दिवस तिलाच आई म्हणायचा. आवणीलासुद्धा त्याला पाठीशी बांधून ती खाचरात उतरायची. वडिलांना सगळे तात्या म्हणत. तात्या बांधावरून ओरडायचे, "अगं त्याला झाडाखाली निजीव," आणि ती म्हणायची, "नगं, मुंग्या चावत्यात."

तात्या गेले तेव्हा साळूबाईची लेक उत्कर्षा शाळेत जात होती. तेरावं झालं आणि एकनाथ पातळ, खण, नारळ घेऊन नांद्याला आला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "आक्का, सही लागंल."

बापाच्या जमिनीत लेकीचा हक्क असतो, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि तो हक्क लेकीनं भावाला सोडून द्यायचा असतो, हेही ठाऊक आहे. जी बहीण हिस्सा मागते तिचं माहेर तुटलं. तिला दिवाळीला बोलावणं नाही, आणि तिच्या पोरीच्या लग्नात मांडवात उभा राहायला मामा नाही. साळूबाईनं हिस्सा मागायचा विचारही केला नाही. पौडाच्या कचेरीत तिनं हसत सही केली. बाहेर येऊन रसवंतीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "येकनाथ, मला काय नगं. फकस्त हिरीखालचं खाचर इकू नको. दरसाली आवणीला येक दीस मला बापाच्या चिखलात हुबं ऱ्हाऊ दे."

एकनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "आक्का, तात्यांचं रान मी इकीन व्हय? तुझी शपथ."

ही शपथ साळूबाईनं सरकारी शिक्क्याहून मोठी मानली. चुकली ती इथं. पण तिच्या जागी दुसरी कुठलीही बहीण असती तरी इथंच चुकली असती.

काही वर्षं ती आवणीला गेली. मग एकनाथ म्हणू लागला, यंदा पडीकच ठेवलंय, मजूर मिळत न्हाईत. आणि एका लग्नाच्या पंगतीत लांबची एक चुलती वाकून तिच्या कानात म्हणाली, "तात्यांचं रान गेलं म्हणं पुण्याच्या लोकांना. तुला तरी सांगितलं व्हतं का त्यानं?"

साळूबाईचा घास हातातच राहिला. आणि मग गंमत बघा, या बाईनं काय करावं? ती म्हणाली, "व्हय तर. मीच म्हणलं त्याला, इकून टाक. पडीकच व्हतं."

साळूबाईला पुढचं जेवण गेलं नाही. ज्यानं केसानं गळा कापला त्याच्याच अब्रूवर पदर घातला होता तिनं, आणि तोही चारचौघांत. त्या दिवाळीत एकनाथ भाऊबीजेला आला. पौड रस्त्याला नवा बंगला बांधत होता, त्याच्या फरशीचं, जिन्याचं कौतुक सांगत बसला. तिनं ओवाळलं. आता सांगेल, मग सांगेल, म्हणून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यानं चकलीची तारीफ केली आणि गेला. तिनंही विचारलं नाही. उत्कर्षा लग्नाला आली होती. मामा लागणार होता.

रान घेणारी माणसं, मनीष आणि त्याची बायको गौतमी, वाईट नव्हती हे आधीच सांगितलेलं बरं. अशा गोष्टीत सगळं खापर पुण्याच्या माणसावर फोडायची आपल्याला फार हौस असते. त्यांनी त्या रानाचं सोनं केलं. घाणेरीचं रान माजलं होतं ते काढलं, विहिरीचा गाळ उपसला, घरावर जुनीच कौलं परत चढवली. गोठ्यात हातमाग आणि मातीकामाची चाकं आली. खळ्यावर शेण सारवून त्याचा रंगमंच झाला, आणि फाटकावर पाटी लागली, 'खळं कलाकेंद्र'. तिथं पोरं चित्रं काढायला येऊ लागली, गाणारी-नाचणारी माणसं येऊन राहू लागली. आणि एकनाथची लेक वैष्णवी, पुण्यात कॉलेज करून आलेली, तिथंच कामाला लागली. बापानं विकलेल्या रानात लेक पगारी झाली, याचं एकनाथला काही वाटलं नाही. उलट सगळ्यांना सांगायचा, पोरगी बघा कशी घराजवळ हाय.

या वैष्णवीचा आत्यावर जीव. पोटच्या पोरीहून जास्त ती आत्याच्या अवतीभवती असायची. एका आषाढात ती स्कूटर घेऊन नांद्याला आली आणि दारातूनच ओरडली, "आत्या, चल! हिरीखालच्या खाचरात भात लावायचंय. गौतमीताई म्हणाल्या, बायका तूच जमव."

साळूबाईनं पातळाचा ओचा तिथंच खोचला. बायजाला घेतलं, आणखी चौघीजणी घेतल्या आणि गेली. खाचरात पहिलं पाऊल टाकल्यावर ती क्षणभर तशीच उभी राहिली. बायजाला वाटलं, काटा रुतला. काटाबिटा काही नव्हता. तो चिखल तिच्या ओळखीचा होता, एवढंच. खाली गार, वर कोमट, आणि विहिरीच्या बाजूला पायाला लागणारा तोच एक दगड, जो तात्यांनी काढतो काढतो म्हणत जन्मभर काढला नाही.

मग तिनं गाणं उचललं. पंगतीतला तो घास, ती भाऊबीज, तो बंगला, सगळं इतके दिवस दाबून ठेवलेलं बाहेर आलं.

*आवण लाविते बाई, माझ्या बापाच्या खाचरात*
*भावानं दिला सबूद, गेला वाहून पाटात*

*हिस्सा न्हाई मागितला, मागितली गं ओंजळ*
*भाऊरायानं इकलं, बापाच्या हिरीचं जळ*

*सही केली बाई मी, हासत लुगड्यावर*
*भाऊ निघाला शहाणा, बहीण बसली बांधावर*

बायकांनी झील धरली. बायजानं मध्येच एकनाथच्या बंगल्यावर एक कडवं असं घातलं की सगळ्याजणी हसून चिखलात बसायच्या राहिल्या. साळूबाईही हसली. रडत होती आणि हसत होती. वैष्णवी तिच्या शेजारीच वाकून रोप लावत होती, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला तिचा फोन ते सगळं ऐकत होता.

खाचर लावून झाल्यावर साळूबाईचं लक्ष त्या फोनकडं गेलं. वैष्णवी म्हणाली, "आत्या, पाठ करायचंय गं मला. फक्त माझ्यापुरतं."

"खाचरातलं खाचरात. ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय."

"त्यो तुझा बाप हाय, पोरी. तुला ऐकून वाईट वाटलं आसंल."

"न्हाई वाटलं," वैष्णवी म्हणाली. आणि सगळ्यांबरोबर तिनंही पाटात पाय धुतले. हे साळूबाईनं डोळ्यांनी पाहिलं. पाय धुतलेल्या माणसावर संशय घ्यायचा तिला कधी शिकवलंच नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास उत्कर्षाचं लग्न ठरलं. मुहूर्त माघातला निघाला. साळूबाई पहिली सुपारी घेऊन एकनाथकडं गेली. मनात धाकधूक होती, पण एकनाथ उठून उभा राहिला. म्हणाला, "आक्का, मामा मी न्हाई तर कोण? फेटा बांधून सगळ्यात फुडं आसणार." वहिनीनं जेवायला थांबवलं. परत येताना साळूबाईला वाटलं, गप्प बसले ते बरं केलं. रान गेलं तर गेलं. भाऊ राहिला.

भात कापून, झोडून झालं आणि मार्गशीर्षात कलाकेंद्राचा मोठा कार्यक्रम झाला. पुण्याची माणसं गाड्या भरभरून आली. गावालाही आमंत्रण होतं. जमिनीचे आधीचे मालक म्हणून एकनाथला पुढच्या रांगेत बसवून शाल-नारळ दिला. साळूबाई मागं बायकांत बसत होती, तर एकनाथनंच हात केला. "आक्का, हितं ये. तुझ्याबी बापाचं खळं हाय ह्ये." ती त्याच्या शेजारी खुर्चीत बसली. समोर खळं सारवलेलं, फणसावर दिवे लावलेले, शेजारी भाऊ शाल पांघरून बसलेला. तिला तात्यांची फार आठवण आली.

मग वैष्णवी खळ्यावर आली. नऊवारी नेसलेली, नाकात नथ. साळूबाईनं मनातल्या मनात तिची दृष्ट काढली. पोरगी माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता जे गाणं म्हणणार आहे ते माझ्या आत्याचं आहे. हे खळं माझ्या आज्याचं. आणि ज्या भावावर हे गाणं आहे, ते माझे वडील आज आपले पाहुणे आहेत."

साळूबाईला आधी अर्थच लागला नाही. पहिली ओळ कानावर आली तेव्हा तिनं दोन्ही हात पुढं केले, रांगतं पोर विहिरीच्या काठाला गेल्यावर माणूस करतं तसे. पण हात काय खळ्यापर्यंत पोचतात? *भावानं दिला सबूद, गेला वाहून पाटात.* एक कडवं झालं, दुसरं झालं. *सही केली बाई मी* आलं तेव्हा पुण्याच्या बायका डोळे पुसत होत्या आणि गावची माणसं मान वळवून वळवून एकनाथकडं बघत होती. पोरगी गात मात्र छान होती. साळूबाईचाच हेल, साळूबाईचीच ओळीच्या शेवटी आवाज खाली सोडायची तऱ्हा. काही म्हणजे काही सोडलं नव्हतं तिनं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एकनाथनंही टाळ्या वाजवल्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, बहिणीकडं न बघता तो म्हणाला, "पोरीला चांगली तयार केलीस, आक्का."

"येकनाथ, मी न्हाई रे... मी चिखलात म्हणले व्हते..."

"तुझाच सूर हाय. मला कळत न्हाई व्हय? तुझ्या पाठीला बांधलेला आसताना ऐकलाय." तो उठला. "मागायचं व्हतं तर तोंडावर मागायचं. गावाफुडं अब्रू कशाला काढायची?"

नारळ खुर्चीवरच ठेवून तो निघून गेला. गौतमी धावत आली, साळूबाईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मावशी, अंगावर काटा आला! हे गाणं जगापुढं यायलाच हवं होतं." साळूबाई तिच्या मिठीत खांबासारखी उभी राहिली.

गोठ्यामागं तिनं वैष्णवीला गाठलं. मारावं असं मनात आलं होतं, पण आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता, तेव्हा आता तरी कुठून उचलणार? फक्त म्हणाली, "तू पाय धुतलं व्हतंस."

वैष्णवी ओठ चावत होती. "आत्या, बाबा माझ्याकडनंबी तसलीच सही घेणार हायेत. बंगल्यासकट सगळं, भाऊ म्हणून, शैलेशच्या नावावर करायचंय. मी नको म्हणाले, तर म्हणाले, तुझ्या आत्यानं हासत दिली, तुला काय जड जातंय? मग काय करू मी? मला लोकांना दाखवायचं होतं, तू हासत दिली न्हाईस."

साळूबाईला ते कळलं. कळलं म्हणून जास्तच लागलं. भावानं तिच्या शपथेची माती केली, आणि तिच्या हसण्याचीही केली. तिची सही आता दुसऱ्या पोरीच्या गळ्यात घालायला काढली होती.

"मग तुझं भांडण तुझ्या तोंडानं भांडायचं," ती म्हणाली. "माझं तोंड कशाला नेलंस?"

"पण ते खरं हाय ना, आत्या?"

"खरं हाय म्हणून तर चिखलात म्हणले."

माघात लग्न झालं. आदल्या दिवशी शैलेशचा फोन आला, बाबांचा बीपी वाढलाय, येणं जमायचं न्हाई. वाल्मीकराव म्हणाले, मी जाऊन पाय धरतो. साळूबाईनं जाऊ दिलं नाही. मांडवात माइकवरून आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मग बायजाच्या भावाला घाईघाईनं फेटा बांधून उत्कर्षाच्या पाठीशी उभा केला. चांगला माणूस बिचारा, पण त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. अक्षता पडायच्या आधी उत्कर्षानं एकदा मागं वळून पाहिलं आणि परत मान खाली घातली. ते बघणं साळूबाईच्या काळजात घुसून बसलं. पाठवणीच्या वेळी लेकीनं गळ्यात पडून विचारलं, "आई, मामा का आला न्हाई गं?"

"बीपी वाढलाय त्याचा," साळूबाई म्हणाली. पुन्हा पदर घातला. सवयच लागली होती हाताला.

पुढच्या आषाढात गौतमी स्वतः गाडी घेऊन नांद्याला आली. या वर्षी आवणीचा उत्सव करणार होते, पुण्याचे पाहुणे चिखलात उतरणार होते, मावशींशिवाय शोभा नव्हती. वाल्मीकराव गाडी गेल्यावर म्हणाले, "शोभाच करत्यात तुझी. जाऊ नको."

ती गेली. जाईल नाही तर काय करील? घरात बोलायची तिला कधी सवय नव्हती. वर्षभराचं साठलं होतं, भावाचं, भाचीचं, मांडवातल्या त्या मागं वळून बघण्याचं. ते नेऊन टाकायला तिच्याकडं दुसरी जागाच नव्हती.

त्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती. बायका ओळीनं उभ्या राहिल्या. पाहुण्यांना शेजारच्या खाचरात उतरवलं होतं, ते घसरत होते, किंचाळत होते, मजेत होते. बायजा म्हणाली, "साळू, उचल."

साळूबाईनं मान वर केली. बांधावर वैष्णवी उभी होती, गळ्यात तीच पिशवी.

"ठिव त्यो फोन खाली," साळूबाई म्हणाली.

वैष्णवीनं लगेच काढून ठेवला. हात मोकळे करून दाखवले. "ठेवला, आत्या. म्हण."

साळूबाईनं रोप चिखलात रोवलं, दुसरं रोवलं, एक पाऊल मागं सरली. तोंड उघडलं. शब्द नव्हते असं नाही, शब्द ढीगभर होते. पण ते टाकायचे कुठं? ओळीतल्या बायकांकडं तिनं एकेक करून पाहिलं. ज्यांच्याबरोबर उभा जन्म चिखलात काढला, त्यांच्याही तोंडाकडं ती आज हिच्या मनात काय असेल म्हणून बघत होती. पायाखाली बापाचं खाचर होतं, पण ज्यात बोललेलं मुरून जायचं ते खाचर उरलं नव्हतं. तिनं तोंड मिटलं आणि मुकाट्यानं रोप लावत राहिली. बायजानं दोनदा विचारलं, मग तीही खाली वाकून रोप लावू लागली.

थोडा वेळ नुसता पाण्याचा डुबुक डुबुक आवाज येत राहिला. पाहुणे इकडं तिकडं बघायला लागले. गौतमी खळ्याकडून खुणा करत होती. वैष्णवीनं फोन उचलला आणि ती खळ्याकडं पळाली. आत्याला धीर यावा म्हणून असेल, कार्यक्रमाचा विचका होऊ नये म्हणून असेल, तिचं तिला ठाऊक. खळ्यावरच्या स्पीकरमधून आवाज आला.

*आवण लाविते बाई, माझ्या बापाच्या खाचरात...*

साळूबाईचाच आवाज. गेल्या वर्षीचा, हसता हसता रडणारा. त्यात बायजाचं खिदळणंसुद्धा होतं. पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. ओळीतल्या दोघीतिघींनी सवयीनं झील धरली, आणि साळूबाईकडं लक्ष जाताच त्या थांबल्या. स्पीकर मात्र थांबला नाही. बंद तोंडानं, हातात रोपाची जुडी धरून ती उभी होती, आणि डोंगराला आपटून तिचीच गाऱ्हाणी तिच्याकडं परत येत होती.

तिनं जुडी बायजाच्या हातात दिली. बांधावर चढली. पाटाचं पाणी झुळझुळ वाहत होतं. बायजा मागून म्हणाली, "साळू, पाय..."

साळूबाई पाट ओलांडून गेली. पाय धुतले नाहीत.

रानापासून एकनाथचा बंगला फार लांब नाही. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन ती रस्त्याच्या कडेनं चालली. ओळखीची माणसं थांबून बघत होती. फाटक उघडंच होतं. एकनाथ ओसरीवर झोपाळ्यात चहा पीत बसला होता. ती पायऱ्या चढून पांढऱ्या फरशीवर उभी राहिली. त्यानं बशी खाली ठेवली.

"येकनाथ, मी गाणं म्हणाय आले न्हाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आतून वहिनी दारात येऊन उभी राहिली. "तोंडावर सांग म्हणालास, म्हणून तोंडावर सांगाय आलेय. माझी शपथ घिऊन तू तात्यांचं रान इकलंस. मला सांगितलं न्हाईस. लोकांनी इचारलं तवा, मीच इक म्हणलं, आसं मी खोटं सांगितलं, तुझ्यासाठनं. आन् माझ्या लेकीच्या पाठीमागं तू परका माणूस हुबा केलास. मी हासत सही दिली, ती तुला दिली व्हती. त्या सहीच्या जोरावर तुझ्या लेकीचं बोट धरून तिला कचेरीत नेऊ नको. एवढंच."

एकनाथचा जबडा हलला. बहिणीच्या तोंडाकडं बघणं त्याला जमेना, म्हणून तो खाली बघत होता. खाली फरशीवर चिखलाचे पाय उमटले होते, फाटकापासून थेट त्याच्या झोपाळ्यापर्यंत. तो म्हणाला, "आक्का, निदान पाय तरी धुऊन यायचं व्हतं."

"धुतलं आसतं तर इसरावं लागलं आसतं," साळूबाई म्हणाली.

ती पायऱ्या उतरली. फाटकाशी पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला. तिला वाटलं, आक्का म्हणून हाक मारली. पण तो आत बघून कुणाला तरी पाण्याची बादली आणायला सांगत होता.